वेगळे पडणे आणि वेगळे होणे: नान्नजच्या माळढोकाची नवी जाती का झाली नाही?

मोहोळ तालुक्यातील बी.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने मला विचारले आहे: "एखाद्या जातीचे काही प्राणी डोंगराने, समुद्राने किंवा वाळवंटाने उरलेल्यांपासून तुटले की त्यांची नवी जाती तयार होते, असे आम्ही शिकलो. मग नान्नजचे माळढोक राजस्थानच्या माळढोकांपासून इतकी वर्षे तुटलेले असूनही त्यांची वेगळी जाती का झाली नाही? आणि या सगळ्यात नैसर्गिक निवडीचे काम नेमके कोणते?"

सोलापुरात मी तीस वर्षांहून अधिक काळ प्राणिशास्त्र शिकवले आणि हिवाळ्यातल्या कितीतरी पहाटे विद्यार्थ्यांना घेऊन सोलापूरजवळच्या नान्नजच्या, म्हणजे माळढोक या मोठ्या गवताळ पक्ष्याच्या अभयारण्याच्या, माळावर काढल्या, परंतु हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने फार थोड्यांनी विचारला. त्याचे थोडक्यात उत्तर असे आहे की, अलगपणा केवळ दोन गटांची सरमिसळ थांबवतो. त्यांच्यात फरक पाडण्याचे काम नैसर्गिक निवड करते आणि त्यात काही वाटा निव्वळ योगायोगाचा असतो. हे फरक साचत जाऊन दोन गटांची संतती होईनाशी झाली किंवा झालेली संतती टिकेनाशी झाली, म्हणजे नवी जाती तयार झाली असे आपण म्हणतो. या साचण्याला पिढ्यांची मोठी संख्या लागते आणि प्रत्येक पिढीत पुरेसे प्राणी जिवंत असावे लागतात. नान्नजच्या माळढोकांना या दोन्ही गोष्टी मिळाल्या नाहीत.

आता सविस्तर सांगतो, पण त्याआधी 'जाती' या शब्दाचा गोंधळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे शेतकरी मालदांडीला ज्वारीची जात म्हणतो आणि खिलारला बैलाची जात म्हणतो. शास्त्राच्या दृष्टीने मालदांडी हा वाण आहे. 'एम ३५-१' ही मालदांडी मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतूनच निवडून काढली गेली आणि कोरडवाहू रब्बीत तिने आपले घर भरले, तरीही खरिपाच्या ज्वारीशी तिचा संकर सहज होतो आणि त्याचे बी उगवते. खिलार गाईला देवणी वळूपासून झालेली कालवड पुढे स्वतः वासरे देते. याउलट, गाय आणि पंढरपुरी म्हैस पिढ्यान्‌पिढ्या एकाच गोठ्यात, एकाच दावणीला बांधलेल्या असतात, एकाच गव्हाणीतला कडबा खातात, पण त्यांच्यात संकर होत नाही. गाईच्या पेशीत गुणसूत्रे (जनुके वाहून नेणारे धागे) ६० आणि आपल्या म्हशीच्या पेशीत ५० आहेत. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये जातीची जी व्याख्या मांडली तिचा गाभा हाच होता: ज्या समूहातील जीव आपसांत प्रजनन करतात आणि इतर समूहांपासून प्रजननाच्या दृष्टीने विलग असतात, तो समूह म्हणजे जाती. जीवाणूंना किंवा जीवाश्मांना ही व्याख्या लावता येत नाही, पण तुमच्या प्रश्नासाठी ती पुरेशी आहे. ती ध्यानात ठेवली म्हणजे आपला खरा प्रश्न समोर येतो. गाय आणि म्हैस आज एकत्र राहूनही विलग आहेत, तर ही विलगता मुळात आली कोठून?

बहुतेक वेळा ती अंतरातून येते. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत राहतो. याच डोंगररांगेच्या दक्षिण टोकाकडे पालघाटची खिंड आहे. तिची रुंदी जेमतेम ३० ते ४० किलोमीटर आहे आणि सोलापूरहून पंढरपूरला जाणाऱ्या माणसाला एवढे अंतर काहीच वाटणार नाही. परंतु उंचावरील थंड, दमट शोला जंगलातच राहणाऱ्या शोलाकिली नावाच्या लहान पक्ष्याला ती उष्ण, सखल खिंड ओलांडणे म्हणजे समुद्र ओलांडण्यासारखेच आहे. खिंडीच्या उत्तरेकडील शोलाकिली आणि दक्षिणेकडील शोलाकिली आज वेगळ्या जाती मानल्या जातात. अडथळा कोणता, हे नकाशावरून ठरत नाही. तो त्या जिवाच्या राहणीवरून ठरतो. गरुडाला जी खिंड जाणवतही नाही, ती बेडकाच्या किंवा शोलाकिलीच्या दृष्टीने जगाची सीमा असते.

माळढोकाच्या कुळातही अशा अलगपणाची मोठी खूण आहे आणि ती तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. आपल्या माळढोकाच्या वंशात जगभरात चारच जाती आहेत. एक आपली, दुसरी आफ्रिकेतील कोरी, तिसरी अरबस्तानाच्या नैर्ऋत्य भागात आणि सहाराच्या दक्षिणेकडील पट्ट्यात आढळणारी, चौथी ऑस्ट्रेलियातील. चारही पक्षी उंच, जड आणि उघड्या गवताळ प्रदेशात राहणारे आहेत, आणि चारही जातींचे नर मादीला आकृष्ट करण्यासाठी मान फुगवून उभे राहतात. म्हणजे माळढोकाच्या पूर्वजांत अलगपणातून नव्या जाती निश्चितच झाल्या आहेत. फरक इतकाच की, ते गट खंडाखंडांनी तुटलेले होते, त्यांची संख्या मोठी होती आणि त्यांना लक्षावधी वर्षे मिळाली.

अलगपणा आला की पुढे काय होते? येथे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत मी हजारदा खोडलेले एक वाक्य असते: "प्राण्यांना गरज भासली म्हणून त्यांच्यात बदल झाला." गरजेने कोणाच्याही जनुकांत हवा तो बदल होत नाही. समूहात फरक आधीपासून असतात, उत्परिवर्तनाने, म्हणजे जनुकांत आपोआप होणाऱ्या बदलाने, नवे फरक येत राहतात, आणि परिस्थिती त्यांपैकी काहींना अधिक संतती मागे ठेवू देते. नैसर्गिक निवड म्हणजे एवढेच. पण हे 'एवढेच' किती वेगाने काम करते, हे प्रत्यक्ष मोजले गेले आहे.

पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून गॅलापागोस द्वीपसमूहातील डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर फिंच पक्ष्यांना कडी घालून, त्यांच्या चोची मोजून, त्यांच्या पिढ्यांची नोंद ठेवली. १९७७ मध्ये त्या बेटावर पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मऊ, बारीक बिया काही महिन्यांत संपल्या आणि उरली ती प्रामुख्याने एका काटेरी वनस्पतीची टणक फळे. ती वनस्पती आपल्या सराट्याच्या, म्हणजे गोखरूच्या, वंशातलीच आहे. सोलापूरच्या माळावर अनवाणी चाललेल्या प्रत्येकाच्या टाचेला सराटा म्हणजे काय ते ठाऊक आहे, त्यामुळे ते फळ फोडून आतले बी खाणे चिमणीएवढ्या पक्ष्याला किती जड जात असेल, हे येथे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मध्यम भू-फिंच या जातीतील बहुतेक पक्षी त्या वर्षी मेले. जे वाचले त्यांच्या चोची सरासरीने जाड होत्या, कारण जाड चोचीलाच सराटा फुटत होता. आणि चोचीची जाडी आनुवंशिक असल्यामुळे पुढच्या पिढीची सरासरीही वाढली. ही वाढ सुमारे अर्धा मिलिमीटर होती. डोळ्याला न दिसणारा हा अर्धा मिलिमीटर म्हणजे जगणे आणि मरणे यांतले अंतर होते.

ही कथा येथेच थांबवली जाते आणि मग गैरसमज होतो. १९८२-८३ मध्ये एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापल्यामुळे, त्या बेटावर अतिवृष्टी झाली, बारीक बियांचे पीक आले, आणि निवडीची दिशा उलटून लहान चोचीचे पक्षी सरस ठरले. म्हणजे एकाच समूहावर निवड झाली तर तो समूह परिस्थितीप्रमाणे पुढे-मागे सरकत राहतो. केवळ त्यातून एका जातीच्या दोन होत नाहीत. १९७२ च्या दुष्काळाने आपल्या माळावरील कीटकांवर, उंदरांवर आणि पक्ष्यांवरही अशी निवड केली असणार, पण नंतर चांगला पाऊस झाला आणि सगळे पुन्हा एकमेकांत मिसळले. दोन दिशांना जाण्यासाठी दोन गट लागतात, आणि दोघांवरील निवड वेगवेगळी असावी लागते.

हे 'वेगवेगळी' किती महत्त्वाचे आहे, हे दाखवणारा प्रयोग मला या साऱ्या विषयात सर्वाधिक प्रिय आहे. डायेन डॉड यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात एकाच मूळ समूहातील फळमाश्यांचे आठ गट केले होते. चार गटांना स्टार्चवर वाढवले, चार गटांना माल्टोज या साखरेवर. कोणत्याही गटातील माशी दुसऱ्या गटात जाणार नाही, अशी व्यवस्था होती. अनेक पिढ्यांनंतर त्यांना एकत्र आणून कोण कोणाशी जोडी करतो हे पाहिले. स्टार्चवर वाढलेल्या माश्या स्टार्चवाल्यांनाच अधिक पसंत करू लागल्या होत्या आणि माल्टोजवाल्या माल्टोजवाल्यांना. आता या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग पाहा, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. स्टार्चवरच वाढलेले दोन गटदेखील एकमेकांपासून तितकाच काळ, तितक्याच पिढ्या अलग होते. पण त्यांना एकत्र आणल्यावर त्यांच्यात असा दुजाभाव दिसला नाही. अलगपणा सर्वांच्या वाट्याला सारखाच होता, मात्र जोडीदाराबाबतचा भेद तेथेच निर्माण झाला जेथे अन्न वेगळे होते. तसेच, या माश्यांना परक्यांशी जोडी करू नये म्हणून कोणी निवडलेले नव्हते. निवड झाली ती अन्न पचवण्याच्या क्षमतेवर. जोडीदाराची आवड त्या बदलासोबत ओढली गेली. नवी जाती होणे हे निसर्गाचे उद्दिष्ट नसते. ती दुसऱ्याच कामातून होते.

संकरित संतती दुबळी किंवा वांझ का निघते, याचे उत्तरही असेच आहे. डॉब्झान्स्की आणि मुलर या दोन शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते मांडले, आणि सोलापुरात ते यंत्रमागाच्या उदाहरणाने सर्वांत लवकर समजते. समजा, एकाच बनावटीचे माग दोन कारखान्यांत गेले. पहिल्याने सोयीसाठी धोटा थोडा बदलला आणि तो आपल्या मागावर चालवून पाहिला. दुसऱ्याने फणी बदलली आणि तीही चालवून पाहिली. दोघांच्याही चादरी उत्तम निघतात. आता पहिल्याचा धोटा आणि दुसऱ्याची फणी एकाच मागावर बसवली, तर तो माग चालेल याची खात्री कोण देईल? हे दोन भाग आजवर कधी एकत्र चाललेच नव्हते. अलग पडलेल्या गटांतील जनुकांचे तसेच होते. प्रत्येक नवे जनुक आपापल्या गटातील इतर जनुकांसोबत पारखले गेलेले असते, पण समोरच्या गटातील नव्या जनुकांसोबत त्याची परीक्षा झालेली नसते, आणि संकरित पिलाच्या देहात ती पहिल्यांदा होते. असे न जुळणारे भाग जितके वाढत जातात, तितकी संकराची शक्यता मावळते. यात कोणाही गटाला मधल्या काळात कसलाही तोटा सोसावा लागत नाही, हे या स्पष्टीकरणाचे सौंदर्य आहे.

निवड केवळ अन्नाची आणि दुष्काळाची नसते. मादीच्या पसंतीचीही असते. दख्खनच्या माळरानांवर उन्हाळ्याच्या तोंडाशी दगडावर चढून गळ्याचा पंखा उघडझाप करणारा सरडा तुम्ही पाहिला असेल. या सरड्यांच्या डीएनएचा, शरीराच्या मापांचा आणि पंख्यांचा एकत्र अभ्यास करून २०१६ मध्ये त्यांच्यातील अनेक जाती वेगळ्या केल्या गेल्या आणि एका नव्या वंशाला चक्क आपला मराठी शब्द मिळाला: 'सरडा'. त्यातील एक जाती साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची आहे, तर दुसरीला डार्विन यांचे नाव दिले आहे. या वंशातील नरांच्या पंख्यावर निळा, काळा आणि नारिंगी रंग झळकतो. त्यांच्या जवळच्या दुसऱ्या वंशातील अनेक जातींचा पंखा फिका, पांढरट असतो. पंख्याने भक्ष्य मिळत नाही की ऊन टळत नाही. तो पाहणाऱ्या मादीसाठी आणि प्रतिस्पर्धी नरासाठी असतो. ज्या खुणेवरून जोडीदार ओळखला जातो तीच खूण दोन गटांत वेगळी होत गेली, तर पुढे ते शेजारी आले तरी एकमेकांकडे वळत नाहीत.

असे पुन्हा शेजारी येणे प्रत्यक्ष घडलेले आहे. हिवाळ्यात आपल्या कडुनिंबांवर आणि चिंचांवर चिमणीहून लहान, हिरवट रंगाचा एक वटवट्या सतत हालचाल करताना दिसतो. हा पक्षी उन्हाळ्यात हिमालय आणि मध्य आशियाच्या जंगलांत वीण करतो. तिबेटच्या उजाड पठाराभोवती त्याच्या वस्त्यांचे कडे पसरलेले आहे. दक्षिणेकडून पश्चिम बाजूने किंवा पूर्व बाजूने उत्तरेकडे जावे, तसतसे त्याचे गाणे हळूहळू बदलत जाते; मात्र सायबेरियात या कड्याची दोन टोके जेथे एकमेकांवर येतात, तेथील दोन प्रकारचे पक्षी एकमेकांच्या गाण्याला आपले मानत नाहीत आणि सहसा जोडी करत नाहीत. कड्यावर एक जाती कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली, ती रेघ कोणालाही ओढता येत नाही. मला हे उदाहरण शिकवताना नेहमी आनंद वाटत आला आहे, कारण लाखो वर्षांत काळामध्ये जे घडते ते येथे जमिनीवर पसरून ठेवल्यासारखे दिसते.

अंतराशिवाय जाती होतच नाही का? होते, आणि त्याचा सर्वांत ठळक पुरावा आपल्या गिरण्यांच्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या कातला गेला. देशी कापसाची गुणसूत्रे २६ आहेत, अमेरिकन कापसाची ५२. दोघांचा संकर केला तर ३९ गुणसूत्रांचे झाड मिळते, ते वाढते, परंतु जवळपास वांझ असते, कारण पेशी विभागताना ३९ गुणसूत्रांच्या जोड्या लागत नाहीत. हा ५२ चा आकडा आला कोठून? सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वी, माणसाने कापूस वेचण्याच्या कितीतरी आधी, आपल्या देशी कापसाच्या घराण्यातील एका पूर्वजाचा अमेरिकेतील रानकापसाशी संकर झाला. दोघांची गुणसूत्रे प्रत्येकी २६ होती. त्यात गुणसूत्रांचा संच दुप्पट झाला, प्रत्येकाला आपला जोडीदार मिळाला, आणि ५२ गुणसूत्रांची सुपीक वनस्पती तयार झाली, जी आपल्या दोन्ही आईबापांशी मात्र सुपीक संकर करू शकत नव्हती. डोंगर नाही, समुद्र नाही. विलगता एक-दोन पिढ्यांत पूर्ण झाली. गव्हाचेही असेच आहे: खपली गव्हाची गुणसूत्रे २८, एका रानगवताची १४, आणि त्यांच्या संकरातून आलेल्या आपल्या पोळीच्या गव्हाची ४२. प्राण्यांत हा मार्ग दुर्मीळ आहे, वनस्पतींत नाही. मात्र तेथेही नव्या वनस्पतीला टिकवण्याचे काम शेवटी निवडच करते.

आता पुन्हा नान्नजला येतो. अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात, राजस्थान येथील माळढोकांची वस्ती त्यापूर्वी फार मोठ्या, जवळपास सलग गवताळ पट्ट्यात होती. माळढोक दूरवर उडणारा पक्षी आहे, आणि दर पिढीत अगदी मोजके पक्षी जरी एका वस्तीतून दुसरीकडे जाऊन प्रजनन करत असले तरी दोन वस्त्यांच्या जनुकांत मोठी तफावत पडणे अवघड होते. राजस्थान ते दख्खन अशा निरनिराळ्या राज्यांतील माळढोकांच्या पेशीतील मायटोकाँड्रिया या सूक्ष्म भागातला डीएनए तपासला गेला, तेव्हा त्यात एकंदर विविधताच अत्यंत कमी आढळली आणि प्रदेशागणिक वेगळे गट दिसले नाहीत. म्हणजे आज आपण ज्याला तुटणे म्हणतो, ते शेती, वस्त्या, रस्ते आणि वीजवाहिन्या यांनी अलीकडेच घडवलेले आहे. मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते आणि पिलू प्रजननक्षम होण्यास काही वर्षे लागतात, त्यामुळे माणसाच्या एका आयुष्यात माळढोकाच्या फार थोड्या पिढ्या होतात. फळमाशीच्या त्याच काळात हजाराहून अधिक होतात.

संख्येचा मुद्दा याहूनही गंभीर आहे. ज्वारीच्या पोत्यात शंभरात पाच दाणे तांबडे असतील आणि तुम्ही घमेलेभर ज्वारी काढली, तर त्यात तांबड्यांचे प्रमाण साधारण तेवढेच येईल. चिमूटभर काढली, तर कदाचित एकही तांबडा दाणा येणार नाही, किंवा निम्मे तांबडेच येतील. समूह फार लहान झाला की प्रत्येक पिढी ही अशी चिमूट असते. उपयोगी जनुकही केवळ योगायोगाने नाहीसे होते, अपायकारक जनुक योगायोगाने पसरते, जवळच्या नात्यात प्रजनन होऊन पिले दुबळी होतात, आणि निवडीचा जोर या योगायोगापुढे टिकत नाही. जगात आज दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असावेत असे मानले जाते, त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत, आणि नान्नजला तो दिसणे आता अपवादात्मक झाले आहे. ज्या पहाटे माझ्या विद्यार्थ्यांनी येथे नर माळढोक मान फुगवून उभा असलेला पाहिला, त्या आठवल्या की हे लिहिताना मन जड होते. अशा अवस्थेतील अलगपणातून नवी जाती जन्माला येत नाही. असलेला गटही हळूहळू विझत जातो.

तरीही तुमच्या प्रश्नाच्या उत्तरात आशेची एक बाजू आहे. नान्नजचे माळढोक वेगळी जाती झाले नाहीत, म्हणूनच राजस्थानातील पक्षी त्यांच्यासाठी परके नाहीत. जैसलमेर जिल्ह्यात माळढोकांची अंडी उबवून पिले वाढवण्याचे काम २०१९ पासून सुरू आहे. तेथे वाढलेला नर कधी काळी नान्नजच्या गवतात गळ्याची पिशवी फुगवून उभा राहिला, तर येथील मादीने त्याला नाकारावे किंवा त्यांची पिले वांझ निघावीत, असे कोणतेही जीवशास्त्रीय कारण आजवर दिसलेले नाही.